पैसे बेळगावात, शस्त्रक्रिया कोगनोळीपलीकडे: हेअर ट्रान्सप्लांटमधील फसवणुकीचा अनुभव

हेअर ट्रान्सप्लांटसाठी माझ्याकडून ६५,००० रुपये घेण्यात आले. पैसे बेळगावात घेतले गेले, शस्त्रक्रिया राज्याच्या सीमेजवळचा कोगनोळीचा टोल नाका ओलांडून महाराष्ट्रात, कागलच्या बाजूला झाली आणि तक्रार करण्याची वेळ आली तेव्हा दोन्हीकडच्या कार्यालयांनी ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे सांगितले. मी उद्यमबागेतील एका कारखान्यात हिशेबाचे काम करतो. केसांच्या वैद्यकशास्त्रात मला गती नाही, पण या प्रकरणातील लबाडी बरीचशी कागदांतच आहे आणि कागद मला वाचता येतात. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूरकडील अनेक तरुण सध्या अशाच जाहिराती पाहून चौकशी करत असल्याचे कानावर येते, म्हणून जे घडले ते लिहून ठेवतो. त्या संस्थेचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. शिवाय तो फलक आता उतरला असून त्याच गाळ्यात, त्याच सोफ्यावर, दुसऱ्या नावाने कामकाज सुरू आहे.

सुरुवात ‘मोफत तपासणी’पासून झाली. पांढरा अ‍ॅप्रन घातलेल्या गृहस्थांनी छोटा कॅमेरा डोक्यावर फिरवला आणि पडद्यावर मुळे दाखवत, बोअरचे पाणी आणि हेल्मेट यांमुळे केस गेल्याचे सांगितले. पुरुषांत कपाळाच्या दोन्ही बाजूंनी आणि टाळूवर जे टक्कल पडते ते बहुतांशी आनुवंशिक असते. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरातच तयार होणाऱ्या डीएचटी या संप्रेरकाला तिथली मुळे संवेदनशील असतात आणि हळूहळू बारीक होत जातात. त्यात पाण्याचा दोष नसतो. डेंग्यू, टायफॉईड किंवा मोठ्या आजारपणानंतर दोन-तीन महिन्यांनी जे केस मूठमूठ गळतात तो प्रकार वेगळा असून ते केस बहुधा आपोआप परत येतात. थायरॉईड किंवा लोहाची कमतरता हे आणखी वेगळे कारण. यांपैकी आपले कोणते, हे ठरल्याशिवाय शस्त्रक्रियेचा विषयच निघू नये. मी रक्ततपासणीबद्दल विचारले, तेव्हा ‘त्याची काही गरज नाही, दादा’ असे उत्तर मिळाले. अ‍ॅप्रन घातलेले ते गृहस्थ डॉक्टर नव्हते. त्यांचा हुद्दा ‘समुपदेशक’ असा होता आणि पगार ठरलेल्या पॅकेजांच्या संख्येवर अवलंबून होता, हे तिथे पूर्वी काम केलेल्या एका मुलाकडून नंतर समजले.

इथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. आमच्याकडे सरकारी कचेरीत वा बँकेत समोरचा माणूस मराठीत बोलला की निम्मे काम झाल्यासारखे वाटते, आणि याची त्या लोकांना पुरेपूर जाण होती. ‘आपल्याच माणसाला जास्त कशाला सांगू’ हे वाक्य दरापासून हमीपर्यंत प्रत्येक ठिकाणी आले. मात्र सही घेतली गेली ते संमतिपत्र इंग्रजीत होते, ते शस्त्रक्रियेच्या दिवशी गाडीत बसल्यावर हातात देण्यात आले आणि त्याची प्रत मागूनही मिळाली नाही. तोंडी मराठी आणि कागद इंग्रजी, अशी ही वाटणी होती.

दर ग्राफ्टवर ठरला होता. ३,५०० ग्राफ्टचे दराप्रमाणे ७०,००० होतात, ‘आपल्या माणसाला’ ६५,०००. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या संदेशात ‘३,५०० ग्राफ्ट’ असे लिहिलेले आहे. पैसे भरल्यावर दिलेल्या, लॅमिनेट केलेल्या ‘आजीवन हमी’ कार्डावर मात्र ‘३,५०० केस’ असे छापलेले आहे. ग्राफ्ट म्हणजे त्वचेतून काढलेला मुळांचा छोटा पुंजका, त्यात एक ते चार केस असतात. सरासरी दोन धरले तर कार्डावरचा आकडा बोललेल्या कामाच्या निम्म्यावर येतो. हे कार्ड मी पाकिटात जपून ठेवले होते आणि आता तेच माझ्या तक्रारीतील सर्वांत उपयोगी कागद ठरले आहे.

बिल मागितल्यावर ‘उपचार वर्षभर चालतात, बिल शेवटी’ असे सांगण्यात आले, आणि ‘बिलावर घेतले तर अठरा टक्के वर पडतील’ अशी पुस्तीही जोडली गेली. हे दुसरे वाक्य खरे आहे. बहुतेक वैद्यकीय सेवांना जीएसटीतून सूट आहे, पण टकलासाठी केलेल्या हेअर ट्रान्सप्लांटला ती नाही, त्यावर १८ टक्के कर लागतो. म्हणूनच जिथे कराचे बिल द्यायला नकार मिळतो तिथे पुढे ‘ही शस्त्रक्रिया आम्ही केलीच नाही’ म्हणण्याची सोय करून ठेवलेली असते. पैसे कोणाच्या नावावर जातात हेही पाहावे. आगाऊ रक्कम मी यूपीआयने दिली आणि ती संस्थेच्या नव्हे, एका व्यक्तीच्या खात्यात गेली. उरलेली त्यांनी रोखीनेच घेतली, तिचा पुरावा त्यांच्याच ‘मिळाले’ या संदेशाखेरीज काही नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पहाटे गाडी आली. ‘कोल्हापूरचे मोठे सर’ करणार आहेत, त्यामुळे तिकडे जावे लागेल, असे आदल्या रात्री कळवण्यात आले होते. कागलच्या अलीकडे एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या खोल्या होत्या. बाहेर फलक नव्हता, आत रक्तदाब मोजणारेही कोणी नव्हते. सर आले, स्केच पेनने कपाळावर एक सरळ, बरीच खाली उतरलेली रेघ ओढली, बधिरतेची इंजेक्शने दिली आणि गेले. त्यांचे पूर्ण नाव मला आजही ठाऊक नाही. पुढचे सगळे काम दोन मुलांनी केले. ‘सर येतायत की, पलीकडे दुसरी केस आहे’ हे दर थोड्या वेळाने ऐकू येत होते. साडेदहाला सुरू झालेले काम दीडला उरकले. परतीच्या गाडीत मी हिशेब केला तो असा: तीन तासांत ३,५०० ग्राफ्ट म्हणजे मिनिटाला जवळजवळ वीस, आणि त्यात प्रत्येक ग्राफ्ट सुमारे एक मिलिमीटर व्यासाच्या पंचने, म्हणजे धारदार पोकळ नळीने, डोक्याच्या मागच्या बाजूने काढायचा, वेगळा करायचा आणि पुढे लावायचा. एवढ्या संख्येच्या कामाला अख्खा दिवस जातो, कधी ते दोन दिवसांत विभागतात.

या शस्त्रक्रियेला ‘छोटीशी प्रोसिजर’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. तिच्यात बधिरतेसाठी लिग्नोकेन आणि रक्तस्राव कमी ठेवण्यासाठी अ‍ॅड्रेनलिन दिले जाते, लिग्नोकेनची मात्रा वजनाच्या प्रमाणात मर्यादित ठेवावी लागते आणि काही बिघडले तर सांभाळणारा डॉक्टर व साधने खोलीत असावी लागतात. चेन्नईत २०१६ साली एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा हेअर ट्रान्सप्लांटनंतर मृत्यू झाला होता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत ही शस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोग शास्त्राचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच करावी, केवळ यूट्यूबवर पाहून किंवा कार्यशाळेत बसून ती शिकता येत नाही, असे म्हटले आहे. डॉक्टरांचे नाव आणि नोंदणी क्रमांक आगाऊ मागावा आणि तो आयोगाच्या किंवा राज्य परिषदेच्या नोंदवहीत ऑनलाइन पडताळून पाहावा, त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. नाव ‘त्या दिवशी कळेल’ असे उत्तर आले तर तिथून उठावे.

औषधांची कथा मला याहून गंभीर वाटते. मला ‘केसांचे व्हिटॅमिन’ म्हणून गोळ्या आणि ‘आयुर्वेदिक तेल’ म्हणून एक बाटली देण्यात आली होती. बाटलीवर लेबल नव्हते, आतला द्रव तेलकट नव्हता, लावला की वाळून जात असे आणि त्याला स्पिरिटचा वास येत असे. गोळ्यांच्या पट्टीच्या कडा कात्रीने अशा कापल्या होत्या की नाव निघून गेले होते. एका तुकड्यावर मात्र फॉइलच्या टोकाला ‘राइड’ एवढी शेपटी उरली होती. ती घेऊन मी शहापुरातील ओळखीच्या औषध दुकानदाराकडे गेलो. त्यांनी गोळी उलटीपालटी करून पाहिली आणि फिनास्टेराइड असावी असे सांगितले, बाटलीचा वास घेऊन मिनोक्सिडिल म्हणाले.

ही दोन्ही औषधे खरी आहेत, टकलावर पुराव्याने टिकलेली आहेत आणि रास्त भावात मिळतात. फसवणूक त्यांना दुसरी नावे देण्यात होती. फिनास्टेराइड डीएचटी तयार होणे कमी करते, अमेरिकेत १९९७ पासून ते टकलासाठी १ मिलिग्रॅमच्या मात्रेत मान्य आहे आणि आपल्याकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवे. काही थोड्या पुरुषांत कामेच्छा कमी होणे, ताठरतेची अडचण, मन उदास राहणे असे परिणाम दिसतात. प्रोस्टेट ग्रंथीसाठी केल्या जाणाऱ्या पीएसए या रक्ततपासणीचा आकडा या गोळीने साधारण निम्मा होतो, म्हणून पन्नाशीच्या माणसाने तपासणीआधी डॉक्टरांना ते सांगणे आवश्यक असते. फुटलेली किंवा कुटलेली गोळी गरोदर स्त्रीने हाताळू नये, कारण पोटातील मुलग्याच्या वाढीला तिचा धोका आहे. आमच्या वहिनी त्या वेळी गरोदर होत्या आणि घरातील औषधांचा डबा त्याच आवरत असत. गोळ्यांवरचे आवरण शाबूत होते म्हणून निभावले, पण ‘व्हिटॅमिन’ म्हटल्यावर कोण काळजी घेणार? मिनोक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी म्हणून आले आणि केस वाढवण्याचा तिचा दुष्परिणाम लक्षात आल्यावर लावण्याचे औषध झाले. ते सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळू शकतात, चार-सहा महिन्यांशिवाय फरक कळत नाही आणि बंद केले की मिळालेले केस जातात. यांतले काहीही मला सांगितलेले नसल्यामुळे केस गळू लागताच मी ‘तेल’ सोडून दिले.

लावलेले केस दोन-चार आठवड्यांत गळतात, मुळे राहतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे येऊ लागतात आणि खरे चित्र वर्षाने दिसते. ही वस्तुस्थिती अशा लोकांच्या फार कामी येते. प्रत्येक फोनला ‘वर्ष होऊ दे की’ असे उत्तर मिळते आणि दरम्यान पीआरपीच्या, म्हणजे आपल्याच रक्तातील प्लेटलेटयुक्त द्रव डोक्यात टोचण्याच्या, जादा बैठका सुचवल्या जातात. वर्ष सरल्यावर मी बेळगावातीलच एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंना दाखवले. पुढच्या भागात दर चौरस सेंटीमीटरला चाळीसच्या आसपास ग्राफ्ट अपेक्षित असताना त्यांना पंधराच्या आतबाहेर दिसले. मागच्या बाजूला सगळे पंच एकाच पट्ट्यात मारल्याने तो भाग कसर लागलेल्या लोकरीसारखा विरळ झाला आहे. पंचाचा कोन चुकला की मूळ मध्येच कापले जाते, भोक पडते आणि ग्राफ्ट वाया जातो, असे त्यांनी समजावले. काढून पुढे लावता येईल असा मागच्या केसांचा साठा जन्मभरासाठी मर्यादित असतो, त्यामुळे हे नुकसान पैशाने भरून येणारे नाही. कपाळावरची ती खालची सरळ रेघही त्यांना पसंत पडली नाही. त्या रेघेमागचे मूळचे केस आणखी मागे सरकले की पुढे एक तुटक पट्टी उरेल, असे त्यांचे म्हणणे आहे.

आता तक्रारीबद्दल. कर्नाटकात खासगी दवाखान्याची नोंदणी २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली व्हावी लागते, म्हणून मी जिल्हा आरोग्य कार्यालयात गेलो. तिथे शस्त्रक्रिया महाराष्ट्रात झाल्याचे कारण मिळाले. महाराष्ट्राकडच्या कार्यालयात ‘त्या पत्त्यावर असा दवाखानाच नाही’ आणि ‘पैसे तर तुम्ही बेळगावात दिलेत’ ही दोन उत्तरे एकाच टेबलावर मिळाली. वाट निघाली ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे. या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, शस्त्रक्रिया नाक्याच्या कोणत्या बाजूला झाली याने अडत नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी नोंद करता येते. आमचे सगळे संदेश मराठीत असल्याने त्यांचे भाषांतर जोडावे लागले आणि मोबाइलमधील पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रही द्यावे लागले. संदेश पुसू नयेत, फोन बदलला तरी जुना जपावा. संस्थेच्या पत्त्यावरची नोटीस परत आली. ज्याच्या खात्यात यूपीआयचे पैसे गेले होते त्या व्यक्तीच्या नावे पाठवलेली मात्र पोहोचली.

त्यांचे लेखी उत्तर आले आहे. तक्रारदाराने फिनास्टेराइड व मिनोक्सिडिल ही औषधे नियमित घेतली नाहीत, म्हणून अपेक्षित परिणाम दिसला नाही, असा त्यांचा मुख्य बचाव आहे. त्या औषधांची पूर्ण नावे त्यांच्या बाजूने कागदावर आली ती या उत्तरातच. वकिलांनी कापलेली पट्टी आणि लेबल नसलेली बाटली पुढच्या तारखेला आयोगापुढे हजर करण्यास सांगितले आहे.