बॅटरी फुगली आणि कंपनी म्हणते वॉरंटीत बसत नाही: पैसे भरावेत, गल्लीत न्यावी की भांडावं?

फोन घेऊन वर्षही झालेलं नाही. मागचं झाकण एका कडेनं उचललं गेलंय, किंवा चाळीस टक्के दाखवता दाखवता फोन एकदम बंद पडतोय. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा सिमच्या खाचेत टॉर्च मारून बघतो आणि सांगतो, ‘लिक्विड डॅमेज आहे, वॉरंटी जाते.’ किंवा, ‘बॅटरीची वॉरंटी सहाच महिने असते सर.’ इथून पुढे तीन वाटा आहेत: तिथेच पैसे भरून बॅटरी बदलायची, बाजारातल्या दुकानात बदलायची, किंवा कंपनीशी भांडायचं. या वाटांचा क्रम मात्र हवा तसा उलटवता येत नाही. आधी बाहेर फोन उघडला की भांडण जवळजवळ संपलंच.

फुगली आहे की नुसती उतरते?

हे आधी ठरवा, कारण निम्मा निर्णय इथेच होतो. लिथियम बॅटरीतलं इलेक्ट्रोलाइट बिघडलं की आत वायू तयार होतो आणि पाकीट फुगतं. अशी बॅटरी वापरायचीच नाही. चार्जिंग बंद, फोन बंद. उचललेलं झाकण दाबून बसवायचं नाही. गादी-पांघरुणापासून लांब, फरशीवर ठेवायचा. कुरियरनं कंपनीकडे पाठवण्याचाही विचार नको, हातानं नेऊन द्या.

नुसती लवकर उतरत असेल तर घाई नाही, पण दावाही कमजोर आहे. पाचशे ते हजार वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर क्षमता ८० टक्क्यांवर येणं ही झीज धरली जाते, आणि वॉरंटी दोषाला असते, झिजेला नाही. आयफोनमध्ये आणि आता बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही सेटिंग्जमध्ये बॅटरीची तब्येत दिसते. सहा-आठ महिन्यांत आकडा फार खाली आला असेल तर मात्र तो दोषच म्हणायचा. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

नकार कसला आहे, ते नीट ऐका

‘सहाच महिने’ हे उत्तर मिळालं तर वॉरंटी कार्ड काढून वाचा. अनेक कंपन्यांच्या कार्डावर हँडसेटला एक वर्ष आणि बॅटरी-चार्जरला सहा महिने असतात. तुमच्या कार्डावर तसं स्पष्ट छापलं असेल तर वाद घालण्यात दम नाही. पण सहा महिन्यांची ओळ ‘बॉक्समधल्या अ‍ॅक्सेसरीज’पुरती असेल, तर फोनच्या पोटात चिकटवलेली बॅटरी अ‍ॅक्सेसरी कशी, हा प्रश्न लेखी विचारण्याजोगा आहे.

‘लिक्विड डॅमेज’चा नकार पोकळ असू शकतो. आत एक छोटं पांढरं स्टिकर असतं, पाणी लागलं की ते लाल होतं. त्यावरून त्या जागी कधीतरी ओल पोचली, एवढंच कळतं. बॅटरी त्या ओलीमुळे फुगली हे त्यावरून सिद्ध होत नाही. बोर्डावर किंवा बॅटरीच्या कनेक्टरवर गंज दिसतो का, त्याचा फोटो दाखवा म्हणायचं. (फोनच्या जाहिरातीत तो पाण्यात बुडवून दाखवलेला असतो आणि वॉरंटीत पाणी वगळलेलं असतं, ही गंमत वेगळीच.) ‘फिजिकल डॅमेज’चंही तसंच. फुगलेली बॅटरी स्वतःच डिस्प्ले किंवा झाकण बाहेर ढकलते, त्यामुळे ‘स्क्रीन उचललाय म्हणजे फोन पडलाय’ हा तर्क उलटा असू शकतो. कोपरा ठेचलेला असेल तर मात्र तुमची बाजू लंगडी.

नकार कोणताही असो, तो जॉबशीटवर (फोन जमा करताना सेंटर देतं तो कागद) लिहून घ्या: तारीख, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), बिघाड काय, वॉरंटी का नाकारली. आतले फोटोही मागा. ‘सिस्टिममध्ये तसं लिहिता येत नाही’ असं म्हणाले तर त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहकसेवेला ईमेल करा: अमुक सेंटरमध्ये गेलो, अमुक कारण तोंडी सांगितलं, फोटो जोडले आहेत. पुढे कुठेही गेलात तरी हा कागद लागतो.

आणि पैशाची गोष्ट काढण्याआधी तुमच्या मॉडेलसाठी कंपनीची वेगळी योजना चालू आहे का, ते तिच्या वेबसाइटवर बघा. गूगलनं २०२५ मध्ये पिक्सेल ७ए च्या फुगणाऱ्या बॅटऱ्यांसाठी खरेदीपासून तीन वर्षांपर्यंत मोफत बदलाची योजना काढली, आणि त्यात भारतही होता. काउंटरवरच्या माणसाला अशा योजना माहीत असतातच असं नाही.

अधिकृत सेंटरला पैसे भरणं

सगळ्यात महाग, पण फुगलेल्या बॅटरीसाठी सगळ्यात निर्धास्त. बॅटरी त्या मॉडेलची, झाकणाची चिकटपट्टी नवी, बिल पक्कं. अडचण अशी की फोनवर एकदा लिक्विड किंवा फिजिकलचा शिक्का बसला की काही सेंटर नुसती बॅटरी बदलायला तयार होत नाहीत. डिस्प्ले, कधी बोर्डसुद्धा एस्टिमेटमध्ये घालतात. बॅटरीचा आकडा वेगळा लिहून मागा. फोन देण्याआधी बॅकअप घ्या, शक्यतो फोन बंद पडायच्या आधीच. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या.

पैसे भरले म्हणजे हक्क सोडला असं नाही. जॉबशीटवर स्वतःच्या हातानं ‘वॉरंटीचा दावा कायम ठेवून, हरकत नोंदवून पैसे भरत आहे’ असं लिहा आणि त्याचा फोटो काढा. तोटा एकच, आणि तो मोठा आहे: जुनी बॅटरी, म्हणजे तुमचा पुरावा, सेंटरकडे राहते. म्हणून बदलण्याआधी तिचे फोटो, लेबलवरच्या नंबरासकट, हवेतच.

बाजारातलं दुकान

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, नागपुरात सीताबर्डी. प्रत्येक तालुक्याच्या स्टँडसमोर एखादा तरी. काम तासाभरात, समोर बसून, डेटा न पुसता. खर्च सहसा सेंटरपेक्षा बराच कमी. इथला धोका माणसात कमी आणि मालात जास्त आहे. ‘ओरिजिनल’, ‘कंपनीची’, ‘फर्स्ट कॉपी’ हे शब्द दुकानागणिक बदलतात, तेव्हा शब्दांऐवजी बॅटरी हातात घेऊन बघा. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी सक्तीची आहे: लेबलवर बीआयएसची खूण, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. उत्पादनाची तारीख असेल तर तीही वाचा. दोन वर्षं गोदामात पडलेली बॅटरी नवी नसते.

आयफोनवाल्यांनी धरून चालावं की सेटिंग्जमध्ये ‘अनोळखी सुटा भाग’ अशा अर्थाची सूचना येईल आणि बॅटरीची तब्येत दिसणार नाही, किंवा दिसली तरी तिची खात्री नसेल. पाण्यापासूनचं संरक्षण कोणत्याच फोनमध्ये पूर्वीसारखं धरू नका. आणि हँडसेटची वॉरंटी अजून उरली असेल, तर उद्या स्पीकर बिघडला तरी ‘बाहेर उघडलाय’ हेच ऐकावं लागेल.

काढलेली फुगीर बॅटरी घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सेंटरला किंवा ई-कचरा केंद्राला द्या.

भांडण

पहिली पायरी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. ऑनलाइन घेतला असेल तर विक्रीच्या संकेतस्थळालाही: २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण त्यांना बंधनकारक आहे. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. फुकट आहे. आदेश देण्याचा अधिकार तिला नाही, पण तिथून गेलेली तक्रार कंपनीत काउंटरच्या वरच्या माणसापर्यंत पोचते, आणि अशा प्रकरणात बहुतेकदा तेवढंच हवं असतं.

शेवटची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. कंपनी, विक्रेता आणि सेंटर, तिघांनाही विरुद्ध पक्ष करा; नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. कायद्यात निकालाला तीन महिने आणि प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिने लिहिले आहेत, पण त्या हिशेबानं काही ठरवू नका. तपासणीची फीही आधी तुम्हालाच भरावी लागते.

मग कोणी काय करावं

महाग फोन, बॅटरी फुगलेली, वॉरंटीत चार महिने तरी शिल्लक, बाहेरून ओरखडाही नाही: जॉबशीट घ्या, १९१५ ला तक्रार करा, पंधरा दिवस थांबा. जुना फोन काढून काम भागत असेल तर बॅटरी बदलू नका, ती पुराव्यासाठी जशीच्या तशी राहू द्या. काम अडत असेल तर हरकत नोंदवून सेंटरला पैसे भरा आणि ते परत मागा. मी स्वतः हीच वाट धरेन, कारण फुगलेली बॅटरी महिनोन्महिने घरात सांभाळणं मला पटत नाही.

दहा-पंधरा हजारांचा फोन, सहा महिन्यांची अट कार्डावर छापलेली, बॅटरी नुसती लवकर उतरते: एक ईमेल करून बघा, नाही जमलं तर हँडसेटची वॉरंटी संपेपर्यंत पॉवरबँकवर काढा आणि मग दुकानात जा. आयोगात जाण्याइतका हा दावा मोठा नाही, मजबूतही नाही.

फोन परदेशातून कोणी आणलेला असेल तर त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का, हे आधी बघा. अनेकांची फक्त विकलेल्या देशापुरती असते. आणि बिलच नसेल, जुन्या बाजारातून रोखीनं घेतलेला असेल, तर वाद घालत बसू नका. नोंदणी क्रमांक असलेली बॅटरी शोधा आणि दुकानदाराकडून तिच्या वॉरंटीचे महिने बिलावर लिहून घ्या.