सहा स्क्रीन, एक व्हिडिओ: दोन ग्राफिक्स कार्डं लावायची की एकातच भागवायचं?

मल्टी-स्क्रीन व्हिडिओसाठी मशीन जुळवायचं म्हटलं की सगळे आधी पोर्ट मोजतात. सहा स्क्रीन आहेत, एका कार्डाला चार आउटपुट, मग दोन कार्डं टाकू, तीन-तीन स्क्रीन वाटू, झालं काम. मीही हेच केलं होतं, आणि चित्र सहाही स्क्रीनवर आलं की छान, पण एक कार्ड संपून दुसरं सुरू होतं तिथे, म्हणजे चौथ्या स्क्रीनवर, एक आडवी चीर दिसायची आणि ती हळूहळू वर सरकायची, साधारण पाच-सहा मिनिटांत तळापासून माथ्यापर्यंत जायची आणि मग परत खालून चालू. ड्रायव्हर बदलला, प्लेअर बदलला, केबल बदलली, चीर काही हलेना, म्हणजे हलत होती तीच तर तक्रार होती.

कारण अगदी साधं आहे. प्रत्येक कार्डावर स्वतःचा क्रिस्टल असतो, म्हणजे ठरलेल्या गतीने ठोके देणारा बारकासा भाग, आणि त्यावरून ते आपले ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणं) मोजतं. दोन्ही कार्डं ६० च म्हणतात, पण एकाचे ६०.००० असतात आणि दुसऱ्याचे ६०.००३. दहा लाखांत ५० इतकाच हा फरक, पण त्याने सुमारे ३३३ सेकंदांत अख्ख्या एका फ्रेमचं अंतर पडतं, आणि माझी चीर तेवढ्याच वेळात वर पोचत होती. सेम मॉडेलची दोन कार्डं घेऊनही काही होत नाही, क्रिस्टल वेगळे ते वेगळेच. त्यामुळे पोर्ट नंतर मोजा, आधी क्लॉक, म्हणजे असे स्वतंत्र ठोके देणारे क्रिस्टल, किती होणार ते मोजा.

एकच कार्ड असेल तर सगळे आउटपुट एकाच क्रिस्टलवर चालतात, म्हणून माझं पहिलं मत कायम एकाच कार्डाला. एएमडीच्या आयफिनिटीत काही कार्डांवर सहा स्क्रीनचा एक मोठा डेस्कटॉप करता येतो (सहा मिनी डिस्प्लेपोर्टवाली कार्डं २०१० पासून आहेत), एनव्हिडियाच्या जीफोर्सवर सहसा चार स्क्रीन चालतात पण सराउंडमध्ये जोडून एक चित्र करायचं तर सहसा तीनच. एक गोष्ट मात्र तपासाच, सगळ्या स्क्रीनचा रिफ्रेश रेट. एक ६० वर आणि एक ५९.९४ वर राहिला तर एकाच कार्डावरसुद्धा दर साधारण १७ सेकंदांनी एका फ्रेमची गडबड होते आणि माणूस उगाच कार्डाला शिव्या घालत बसतो.

दोन साधी गेमिंग कार्डं टाकायला माझी ना नाही, पण स्क्रीन एकमेकांना चिकटलेले नसतील तर. एक या भिंतीवर, एक त्या भिंतीवर, प्रत्येकावर वेगळा व्हिडिओ, तिथे १६ मिलिसेकंदांचा फरक कोणाच्या बापाला दिसत नाही. चिकटलेल्या स्क्रीनवर मात्र एखादी आगगाडी डावीकडून उजवीकडे गेली की सांध्यावर लगेच कळतं. शिवाय एकच खिडकी दोन कार्डांवर पसरली की डिकोड (व्हिडिओ फाइल उलगडून फ्रेम काढणं) एका कार्डावर होतो आणि दुसऱ्याच्या वाट्याची फ्रेम कॉपी होऊन जाते. ४के ची एक फ्रेम ३२ बिटमध्ये साधारण ३३ एमबी, सेकंदाला ६० म्हणजे २ जीबीच्या आसपास. आणि साध्या डेस्कटॉप प्रोसेसरवर ग्राफिक्ससाठी बहुधा १६ च लेन (कार्डापर्यंत डेटा नेणारे रस्ते) असतात, त्या दोन कार्डांत ८-८ वाटल्या जातात, तिसरं कार्ड चिपसेटच्या (मदरबोर्डवरच्या मदतनीस चिपच्या) चार लेनवर जाऊन बसतं. एसएलआयने (एनव्हिडियाची कार्डं एकमेकांना जोडायची जुनी सोय) हे सुटेल असं अजून कोणी सांगत असेल तर सोडून द्या, ते गेममध्ये रेंडरिंगचं काम वाटून घ्यायला होतं.

खरंच दोन-चार कार्डं लागणार असतील, म्हणजे १२-१६ स्क्रीन किंवा प्रोजेक्टर, तर प्रो (व्यावसायिक कामाची) कार्डं आणि सोबत सिंक बोर्ड, म्हणजे सगळ्या कार्डांना एकच ठेका देणारं वेगळं कार्ड. एनव्हिडियाचा क्वाड्रो सिंक २ एका बोर्डावर चार कार्डं एकाच क्लॉकवर बांधतो, बाहेरून स्टुडिओचा ठेक्याचा सिग्नलही घेतो, आणि मोझेकमध्ये (प्रो कार्डांची स्क्रीन जोडायची सोय) १६ स्क्रीनचा एक डेस्कटॉप होतो. दोन मशीन जोडायची असतील तर त्याची केबल दिसायला लॅनचीच असते, पण ती चुकूनही नेटवर्क स्विचमध्ये घालू नका. खर्च जबरी आहे, आणि लहान प्रो कार्डांना सिंकचा कनेक्टरच नसतो, तेव्हा घेण्याआधी बघा. लोक हमखास विसरतात ते म्हणजे बोर्ड फक्त स्क्रीनचा ठेका जुळवतो, त्या ठेक्यावर सगळीकडे तीच फ्रेम टाकायचं काम प्लेअरचं. मोझेकमध्ये एकच खिडकी चालवली तर बरंच सोपं जातं, वेगवेगळ्या खिडक्या असतील तर सॉफ्टवेअरला स्वॅप ग्रुप (सगळ्या खिडक्यांनी एकाच क्षणी फ्रेम बदलायची सोय) कळतो का ते आधी विचारा.

आता ज्याचा फार कमी लोक विचार करतात तो पर्याय, स्प्लिटर डबा. डेटापाथ एफएक्स४ किंवा मॅट्रॉक्स क्वाडहेड२गो सारखा डबा एक ४के सिग्नल घेतो आणि त्याचे चार १०८० चे तुकडे करून चार स्क्रीनला देतो. कॉम्प्युटरला वाटतं एकच मॉनिटर आहे, त्यामुळे सिंकचं भांडणच नाही. अट एवढीच की पिक्सेल एकूण ४के एवढेच मिळणार, प्रत्येक स्क्रीन ४के हवा असेल तर याचा उपयोग नाही.

प्रत्येक स्क्रीनमागे एक छोटा कॉम्प्युटर ठेवून नेटवर्कवरून सिंक करणं सगळ्यात स्वस्त आणि लांबवर पसरलेल्या स्क्रीनसाठी उत्तम, जीस्ट्रीमर या सॉफ्टवेअरमध्ये नेटवर्क क्लॉक आहे, एमप्लेअर या प्लेअरमध्ये यूडीपी मास्टर-स्लेव्ह आहे (एक कॉम्प्युटर नेटवर्कवरून वेळ सांगतो, बाकीचे त्याच्या मागे चालतात). पण क्लॉक तितकेच जितके कॉम्प्युटर, सांध्याला सांधा लावायचा असेल तर नको.

काहीही घेतलंत तरी पैसे देण्याआधी एक टेस्ट करून बघा. सगळ्या स्क्रीनवर एकाच उंचीवर फ्रेमचा नंबर दिसेल असा सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ लावा आणि फोनवर २४० च्या स्लो मोशनमध्ये शूट करा. प्रत्येक नंबर फोनच्या चार फ्रेम टिकायला हवा आणि सगळीकडे एकदमच बदलायला हवा. आणि ही टेस्ट दहा मिनिटं चालवा, पहिल्या मिनिटाला सगळेच सेटअप गुणी असतात.

माझं म्हणाल तर मी दुसरं कार्ड काढून टाकलं, उरलेल्याच्या दोन ४के आउटपुटला दोन डबे लावले, प्रत्येकावर तीन स्क्रीन. चीर गेली. सहावा स्क्रीन तरीही जरा मागेच होता, तो वेगळ्या मॉडेलचा टीव्ही निघाला, मेनूत जाऊन गेम मोड (टीव्हीची चित्रावरची प्रक्रिया आणि उशीर कमी करणारा) चालू केला तेव्हा कुठे जुळला.