‘एड मिळाली नाही तर फी परत’ : फॅफ्साच्या नावावर आम्ही असे फसलो

लेक हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात गेली आणि घरी एक पत्र आलं. वर सरकारी वाटावं असं गरुडाचं चिन्ह, आत तिचं नाव, आणि फायनान्शियल एडच्या, म्हणजे कॉलेजच्या खर्चासाठी मिळणाऱ्या आर्थिक मदतीच्या, बैठकीत आमच्यासाठी दोन जागा राखून ठेवल्याचा मजकूर. आम्ही दोघं अमेरिकेत आलो ते नोकरीसाठी. इथल्या कॉलेजची पायरी आम्ही कधी चढलो नव्हतो, त्यामुळे एडच्या बाबतीत अगदीच अनभिज्ञ होतो.

बैठक सार्वजनिक वाचनालयात होती, म्हणून शंका आली नाही. वाचनालयाची खोली कुणालाही आरक्षित करता येते हे तेव्हा डोक्यात आलं नाही. बैठक घेणारा सल्लागार गोड बोलायचा. फॅफ्सात, म्हणजे सरकारी एडसाठी भरायच्या अर्जात, एक चूक झाली तर मुलीचं वर्ष वाया जाईल, असं त्याने दोनदा सांगितलं. आम्ही घाबरलो आणि १,५०० डॉलर भरले. करारात ठळक अक्षरांत लिहिलं होतं : एड मिळाली नाही तर फी परत.

फॅफ्सा भरायला एक सेंटही लागत नाही. त्याच्या पूर्ण इंग्रजी नावातला पहिला शब्दच ‘फ्री’ आहे. अडलं तर कॉलेजचं एड ऑफिस फुकट मदत करतं.

फॅफ्सा भरायला लागणारी आमची ऑनलाइन खातीही त्यानेच उघडली आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवले. हे कृपा करून कुणी करू देऊ नका. ते खातं म्हणजे तुमची सही. फॉर्ममध्ये जाणूनबुजून खोटी माहिती गेली तर २०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा तुरुंगवास होऊ शकतो, आणि सही तुमची असते, सल्लागाराची नाही.

मग त्याने खरा माल बाहेर काढला. बँकेतले ४०,००० डॉलर फॉर्मवर दिसले तर एड बुडेल, ते ॲन्युइटीत, म्हणजे विमा कंपनीच्या मुदतीच्या गुंतवणुकीत, टाका, फॅफ्सा ॲन्युइटी मोजत नाही, असं तो म्हणाला. मोजत नाही हे खरंच आहे. पण आईवडिलांच्या बचतीपैकी फार तर ५.६४ टक्के हिशेबात धरले जातात, म्हणजे आमच्या बाबतीत जास्तीत जास्त २,२५६ डॉलरचा फरक. मुख्य भार उत्पन्नाचा असतो आणि आमच्या दोन पगारांवर पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांसाठीची परत न करायची सरकारी मदत, मिळणार नव्हतीच. हे त्याला पहिल्या दिवसापासून कळत असणार. ॲन्युइटी विकल्याचं कमिशन त्याला मिळालं. आम्हाला पैसे लागले तेव्हा कळलं, मुदतीआधी मोडली तर ८ टक्के कापले जाणार. ३,२०० डॉलर.

एप्रिलमध्ये कॉलेजचं पत्र आलं. त्यात ग्रँट शून्य, आणि खाली ५,५०० डॉलरचं अनसबसिडाइज्ड लोन, म्हणजे व्याजात सवलत नसलेलं कर्ज. मी फी परत मागितली. तो शांतपणे म्हणाला, “मिळाली की एड! पत्रात लिहिलंय ना?” कॉलेजं कर्जालाही त्याच यादीत बसवतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हे कर्ज गरज बघून दिलंच जात नाही. पात्र विद्यार्थ्याने फॅफ्सा भरला की उत्पन्न कितीही असो, पहिल्या वर्षी ते मिळतं, आणि व्याज रक्कम कॉलेजकडे गेल्या दिवसापासून चढतं. म्हणजे त्याची हमी कधी मोडणारच नव्हती. त्या रात्री लेक म्हणाली, “आई, माझ्यामुळे गेले ना पैसे?” ते वाक्य मला १,५०० डॉलरपेक्षा जास्त लागलं.

तुमच्याकडे असा करार आला असेल तर ‘एड’ या शब्दात कर्ज धरलंय का, हे सहीआधी लेखी विचारा. सल्लागार विमा किंवा ॲन्युइटीही विकतो का, तेही विचारा.

ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेकडे आम्ही तक्रार नोंदवली आहे. फी परत आलेली नाही. पासवर्ड बदलले, आणि या वर्षीचा फॉर्म लेक आणि मी जेवणाच्या टेबलावर बसून एका संध्याकाळी भरला.