सेल्फ डिफेन्सचा क्लास लावताय? फी भरण्याआधी हे वाचा

जुळे सोलापुरातल्या काही पालकांचे पैसे नुकतेच बुडाले. मे महिन्याच्या सुट्टीत मुलींसाठी ‘खरंखुरं स्वसंरक्षण’ म्हणून सहा महिन्यांची फी आगाऊ घेतली गेली. वर ड्रेसचे पैसे आणि दर महिन्याला बेल्ट परीक्षेचे वेगळे. पावसाळा सरायच्या आत हॉलला कुलूप आणि सरांचा फोन बंद. पण क्लास चालू राहिला असता तरी त्या मुलींच्या हाती काही लागलं नसतं, आणि आमच्या मते मोठी फसवणूक ती आहे.

डेमोत मनगट सोडवून दाखवतात. समोरचा मुलगा ठरल्या जागी धरतो आणि नुसता उभा राहतो. अंगठा आणि बोटं जिथे भेटतात तिथे पकड कच्ची असते. मनगटाची अरुंद कड तिकडे वळवून, कोपर पुढे घालत हात झटकला की सुटतो. युक्ती खरी आहे. पण हल्ला करणारा धरून थांबत नाही, तो ओढतो आणि दुसऱ्या हाताने केस धरतो. ओढलं की तोल जातो, आणि तोल गेला की हातात जोर उरत नाही. म्हणून आधी त्याच्याच दिशेने अर्धं पाऊल टाकून गुडघे वाकवायचे, तोल सावरायचा, मग हात सोडवायचा आणि सुटल्या सुटल्या गर्दीकडे पळायचं. समोरचा खरोखर ओढत असताना हे पुन्हा पुन्हा केलं तरच अंगवळणी पडतं. तालमीत वस्ताद नव्या पोरालाही जोड लावून देतात ते याचसाठी. १८८२ मध्ये टोकियोत ज्युदो सुरू करणाऱ्या कानो जिगोरो यांनीही समोरच्याच्या खऱ्या विरोधात करायच्या सरावावर भर दिला होता.

चाकू हिसकावण्याचा डेमो तर जिवावर बेतणारा. सहायक चाकू पुढे करून हात तसाच ठेवतो, सर तो पिरगाळतात. प्रत्यक्षात हात लगेच मागे जातो आणि पुढचा वार येतो. खात्री करायची तर जुना पांढरा शर्ट आणि डोळ्यांवर चष्मा घाला, कुणाच्या तरी हातात मार्कर द्या, भराभर वार करायला सांगा आणि शिकवलेला डाव करून बघा. शर्टावरचे डाग मोजा. ज्या क्लासात ‘आधी अंतर वाढवा, पळा, ११२ लावा’ हे सांगत नाहीत, तिथे मुलीला पाठवू नका.

दरमहा बेल्ट मिळत असेल तर तो विकला जातोय. कराटेत नियमित सराव करूनही ब्लॅक बेल्टला साधारण तीन ते पाच वर्षं लागतात.

पैसे देण्याआधी एक पूर्ण तास बसून बघा. जोडीदार आधीच ठरवल्यासारखा पडत असेल, हेडगार्ड-माउथगार्ड कधी बाहेरच निघत नसतील, तर उठून या. फी महिन्याचीच द्या. पावतीवर चालकाचं पूर्ण नाव आणि पत्ता घ्या.

पैसे अडकलेच असतील तर यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरची जाहिरात, पावत्या आधी जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. त्यासाठी मुदत दोन वर्षांची असते आणि क्लासला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. चालक पळूनच गेला असेल तर सगळ्या पालकांनी मिळून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.