ऑफिससाठी आउटलुक की थंडरबर्ड?

दहा-पंधरा जणांच्या ऑफिसला मेलसाठी मायक्रोसॉफ्टचं आउटलुक घ्यावं का थंडरबर्ड या दुसऱ्या मेल प्रोग्रॅमवर भागवावं, असं एकाने विचारलं म्हणून लिहितोय.

पैशाचं बघाल तर थंडरबर्ड फुकट, ओपन सोर्स, कितीही मशीनवर टाका. आउटलुक क्लासिकला (मशीनवर टाकायचं जुनं आउटलुक) लायसन्स लागतं, पण एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल-कॅलेंडर सर्व्हर) असेल तर कॅलेंडर, मीटिंग रूम, शेअर्ड मेलबॉक्स सगळं आपोआप जुळतं, तिथे थंडरबर्ड जरा लंगडंच.

खरी डोकेदुखी मेल साठवण्याची. आउटलुकची पीएसटी फाइल (मशीनवर मेल साठवणारी) ५० जीबीपर्यंत जाते, पण तोवर थांबू नका, त्याआधीच सगळं रेंगाळायला लागतं, वर्षवार अर्काइव्ह करा आणि पीएसटी नेटवर्क ड्राइव्हवर तर ठेवूच नका, खराब व्हायची भीती. थंडरबर्डमध्ये एरवी प्रत्येक फोल्डरची एकच फाइल असते, त्यामुळे डिलीट केलेले मेलसुद्धा कॉम्पॅक्ट करेपर्यंत (म्हणजे फाइलमधून कायमचे काढून टाकेपर्यंत) जागा अडवून बसतात (डिस्क का भरली म्हणून लोक डोकं खाजवत राहतात). बॅकअप मात्र सोपा, प्रोग्रॅम बंद करून प्रोफाइल फोल्डर (मेल, सेटिंग्ज सगळं यातच असतं) कॉपी केला की झालं.

सगळ्यांची सेटिंग्ज एकदम लावायची सोय दोन्हीकडे आहे.

एक्सचेंज आणि दिवसभर मीटिंगा असतील तर गुपचूप आउटलुक घ्या. नुसतं आयमॅप (सर्व्हरवरचे मेल बघायची साधी पद्धत), मेल आले-गेले एवढंच असेल तर थंडरबर्ड बास आहे.