हवा कुठून जाते: साबणाचं पाणी की गेज?

जुन्या दहाचाकी ट्रकच्या एअर ब्रेकची हवा रात्रीतून उतरते आणि सकाळी टाकी भरेपर्यंत पंधरा मिनिटं इंजिन घरघरत ठेवावं लागतं. गळती शोधायचे मार्ग दोन.

पहिला साबणाच्या पाण्याचा. मगभर पाणी, चमचाभर भांड्यांचा साबण आणि जुना ब्रश, एवढंच लागतं. नेमकी जागा तोच दाखवतो. युनियनच्या (पाइपांच्या जोडाच्या) नटाभोवती बारीक फेस वाढू लागला की सापडलं. पण वीस वर्षांच्या गाडीत मूळ पाइप कमी आणि जोड जास्त, त्यात चिखलाचे थर. सगळीकडे ब्रश फिरवायचा तर अर्धा दिवस जातो. शिवाय नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) आतल्या आत मागे हवा सोडत असेल, तर बाहेर बुडबुडाही येत नाही.

दुसरा गेजचा, म्हणजे हवेचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा. आधी चाकांना ओट (गाडी घसरू नये म्हणून ठोकळा) लावा, मग टाकी साधारण ८ बारपर्यंत भरून इंजिन बंद करा आणि काटा बघा. ब्रेकचं पेडल सोडलेलं असताना स्थिर आणि दाबून धरल्यावर, पहिला थोडा उतार सोडून, उतरतच राहतो? मग दोष फूट व्हॉल्व्हच्या (पेडलने उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) पुढे आहे: होज किंवा ब्रेक चेंबरचा डायफ्रॅम, म्हणजे आतला रबरी पडदा. हँडब्रेक सोडल्यावरच उतरत राहतो? मग पार्किंगची लाइन. (हँडब्रेकचा स्प्रिंग चेंबर मात्र स्वतः उघडू नका, आतली स्प्रिंग जीव घेऊ शकते.)

मी आधी गेज लावतो. ब्रश नंतर, फक्त त्या एका लाइनीवर.