किट कारच्या (घरी जोडायच्या गाडीच्या) स्टीअरिंग नकल आणि ब्रेक डिस्कच्या नावाखाली 62,350 रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आधी रक्कम सांगतो. 38,000 रुपये ॲडव्हान्स, 21,500 रुपये 'कस्टम ड्यूटी', 2,850 रुपये ट्रान्सपोर्ट. एकूण 62,350. त्या पैशात नागपुरात माझ्या हाती पडलं ते काळा रंग मारलेलं भंगार. तेही पुढच्या चाकांच्या नकलचं, म्हणजे चाकाचा हब आणि स्टीअरिंगचा आर्म ज्यावर बसतात त्या भागाचं, जिथे लोखंडाने दगा दिला तर माणूस जिवानिशी जातो.

लोटस सेव्हन या छोट्या उघड्या इंग्लिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर घरी गाडी बांधणाऱ्यांना माझी अडचण वेगळी सांगायला नको. तसल्या चासीच्या जुन्या ड्रॉइंगमध्ये फोर्ड कॉर्टिना या जुन्या गाडीची नकल धरलेली असते, वर-खाली दोन्हीकडे बॉल जॉइंटवाली (गोळीवर फिरणारा सांधा). आपल्या बाजारातल्या बहुतेक गाड्यांची नकल मॅकफर्सन स्ट्रटची, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबाची. तिला वर बॉल जॉइंटची जागाच नसते, स्ट्रटला कसायचे दोन कान असतात. माझ्याकडे फोर्ड आयकॉनची चाकं होती, चार बोल्ट आणि 108 मिलिमीटरची पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास). कॉर्टिनाचीही तीच. म्हणून 'कॉर्टिना पॅटर्न, इम्पोर्टेड, ड्रिल्ड व्हेंटिलेटेड डिस्कसकट' (भोकं पाडलेली, आतून हवा खेळणारी ब्रेक डिस्क) असा सेट विकायला दिसला तेव्हा मी फोन केला. कोणीही केला असता.

मी डोळे झाकून पैसे पाठवलेले नाहीत. फोटो मागवले, व्हिडिओ कॉल केला, बिल मागितलं. बिलावर जीएसटी नंबर होता. नंतर पाहिलं तर तो नंबर खराच निघाला, पण भलत्याच राज्यातल्या एका किराणा होलसेलरचा. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नाव लगेच दिसतं. पैसे पाठवण्याआधी टाका.

आता ज्या क्षणाने माझी झोप उडवली आहे तो सांगतो. मी विकणाऱ्याला विचारलं, स्टीअरिंग आर्म पुढे येतो की मागे? माझी स्टीअरिंगची रॅक (चाकं वळवणारा दांडा) ॲक्सलच्या पुढे आहे. तो म्हणाला, "भैया, युनिव्हर्सल है, सब में लगता है." नकल कधी युनिव्हर्सल असते का? आर्मची जागा, किंगपिनचा कोन (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा कल), हबचं बेअरिंग, सगळं ठरलेलं असतं. आर्म चुकला की चाक खड्ड्यात गेल्यावर गाडी आपोआप वळते. ज्याने असली नकल एकदा तरी विकली आहे तो उलट आपल्यालाच विचारेल की रॅक कुठे आहे, चाक किती इंची आहे. याने एकही प्रश्न विचारला नाही. त्याच क्षणी फोन ठेवायला हवा होता. पण तेव्हा 38,000 गेलेले होते, आणि पैसे अडकले की माणूस समोरच्याचं खरं मानायला बघतो.

ड्यूटी म्हणून पैसे मागितले ते एका खाजगी यूपीआय आयडीवर. कस्टमची ड्यूटी सरकारजमा होते आणि तिचा 'बिल ऑफ एंट्री' हा आयातीचा कागद असतो. तो आधी मागा. नाही म्हणाला तर विषय संपला.

माल आल्यावर हिंगणा एमआयडीसीतल्या माझ्या ओळखीच्या टर्नरकडे नेला. त्याने चिंधी थिनरमध्ये भिजवून नकलवर फिरवली. रंग उतरला आणि खालून वेल्डिंगची जाड, वेडीवाकडी शिवण दिसली. स्ट्रटचे कान कापून तिथे बॉल जॉइंटची पट्टी चिकटवली होती. टर्नर म्हणाला, "भाऊ, हे तं भंगारातलं आहे. यावर बसून राह्यले होते का तुम्ही?" डिस्कच्या काठावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, तो ग्राइंडरने घासून काढला होता. 20 मिलिमीटरची म्हणून दिलेली डिस्क व्हर्निअरवर 17.2 भरली. भोकं साध्या ड्रिलने पाडलेली, काही थेट आतल्या पाकळ्यांतून गेलेली. तापल्यावर तडा तिथूनच जातो. आणि सहाशे किलोच्या आसपासच्या गाडीला व्हेंटिलेटेड डिस्क लागतेच कुठे? चांगली साधी डिस्क पुरते, चाकाचं वजनही कमी राहतं.

यानंतर सरकारी दारं. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला तर पहिला प्रश्न, माल मिळाला का? मिळाला म्हटल्यावर हा व्यवहारातला वाद ठरला. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. ठाण्यात साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही घरी बनवलेली गाडी पासिंग कशी होणार?" गाडी शेतावरच्या खाजगी ट्रॅकसाठी आहे, पासिंगचा प्रश्नच नाही, हे मी सांगत राहिलो. प्रश्न माझ्या गाडीचा नव्हता, विकणाऱ्याच्या चोरीचा होता! दिवाणी बाब आहे म्हणून मला परत पाठवलं. खोटं बिल, खोटा माल, खोटी ड्यूटी, तरी दिवाणी? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 मग कशासाठी ठेवलं आहे? चोराला शोधायचं सोडून फिर्यादीचीच झडती घेतात, आणि मग लोक तक्रार करत नाहीत म्हणून आश्चर्य करतात.

ग्राहक आयोगाचा रस्ता मला कोणी दाखवला नाही, मीच शोधला. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मी केली आहे. बिलावरच्या पत्त्याची नोटीस 'पत्ता सापडत नाही' म्हणून परत आली आहे.

मला आला तसा निळ्या ताडपत्रीवर मांडलेल्या काळ्या नकलांचा फोटो तुम्हालाही आला असेल आणि पैसे गेले असतील, तर आपापल्या ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि पैसे गेलेला यूपीआय आयडी अर्जात लिहा. एकच आयडी चार ठिकाणच्या अर्जांत आला तर त्याला दिवाणी म्हणणं त्यांना जड जाईल.